घरभाड्याच्या जाहिराती चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
घरभाड्याच्या जाहिराती प्रसिद्ध करणारी संकेतस्थळे व अ‍ॅप यांचे संचालक आणि व्यवस्थापक यांस,

विषय : खोट्या घरांच्या जाहिराती आणि त्यांबाबतची आपली जबाबदारी.

महोदय,

माझ्या मालकीच्या घराची खोटी जाहिरात आपल्यापैकी एका संकेतस्थळावर कोणा अज्ञात माणसाने दिली आणि तिच्यावर विसंबून काही लोकांनी पैसे भरले. ही गोष्ट मी पुराव्यांसह कळवल्यावर मला आलेले उत्तर थोडक्यात असे होते : जाहिरातीतील मजकुराची जबाबदारी जाहिरातदाराची आहे, आम्ही केवळ माध्यम आहोत, ग्राहकांनी व्यवहार करताना सावधगिरी बाळगावी, आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. त्या कंपनीचे नाव मी येथे घेत नाही, कारण इतरांच्या अटी वाचून पाहिल्या तेव्हा शब्दांच्या थोड्याफार फरकाने तेच उत्तर तेथेही आधीच लिहून ठेवलेले आढळले. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना, आणि तेही उघडपणे लिहीत आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगते. माझा एक फ्लॅट आहे. तो भाड्याने देण्यासाठी मी पूर्वी रीतसर जाहिरात दिली होती आणि भाडेकरू मिळाल्यावर ती काढूनही टाकली होती. जाहिरात गेली तरी तिच्यातली छायाचित्रे कोणीतरी उतरवून ठेवली होती. तीच लावून, घराचा मजला, खोल्यांचा आकार, स्वयंपाकघराची रचना सगळे जसेच्या तसे लिहून, दुसऱ्याच नावाने आणि आसपासच्या चालू भाड्यापेक्षा बऱ्याच कमी भाड्यात माझे घर पुन्हा बाजारात आले. त्यात माझे भाडेकरू राहत होते. अनोळखी माणसे दाराची घंटा वाजवून ‘घर बघायला आलो’ म्हणू लागली, तेव्हा आधी कोणाचा तरी पत्ता चुकला असेल असेच आम्हाला वाटले. खरा प्रकार कळल्यावर मी संकेतस्थळाकडे तक्रार केली. त्यानंतर एका संध्याकाळी एक तरुण जोडपे सामानाची गाडी घेऊनच आले. अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे त्यांनी आगाऊ भरले होते. हातात भाडेकराराची छापील प्रत होती, तिच्यावर मालक म्हणून मी कधी न ऐकलेले नाव आणि सही होती, आणि किल्ली रखवालदाराकडे ठेवली आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. मी तेथे पोचले तेव्हा त्या दोघांना वाटले की लबाडी करणारी मीच आहे, त्यांना ठरवून दिलेले घर मी जास्त भाड्याच्या लोभाने दुसऱ्याला दिले आहे. स्वतःच्याच घराच्या दारात उभे राहून मला खरेदीखत दाखवावे लागले. त्यांचा संशय मला वावगा वाटला नाही. त्यांच्याजवळचा कागद माझ्या कागदाइतकाच नीटनेटका होता, आणि ज्या जाहिरातीवरून ते आले तिच्यापुढे ‘पडताळणी झालेली’ अशी हिरवी खूण होती. माझ्या मूळ, खऱ्या जाहिरातीपुढे तशी खूण कधीच नव्हती.

या ‘मालका’ने विश्वास बसावा म्हणून त्या जोडप्याला ओळखपत्राची प्रतही पाठवली होती. पोलिसांत तक्रार देताना उलगडा झाला की ते ओळखपत्र बनावट नव्हते. ज्याचे होते तो गृहस्थ स्वतः काही काळापूर्वी घर शोधत होता आणि भाडेकराराचा मसुदा करायचा आहे असे सांगितल्यावरून त्याने ते कोणा घरमालकाला पाठवले होते. एका फसवणुकीत हाती आलेला कागद असा पुढच्या फसवणुकीचे भांडवल होतो. त्या जोडप्याच्या ओळखपत्रांच्या प्रतीही आज त्याच माणसाकडे आहेत, आणि त्या कोणाच्या फोनवर कोणत्या घराबरोबर पोचतील हे सांगता येत नाही.

हा उद्योग कसा चालतो हे आपल्याला ठाऊक नसेल असे मी मानत नाही, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून लिहिते. साध्या प्रकारात मालक परगावी किंवा परदेशी असतो, बदली झालेली असते, घर दाखवायला कोणी नसते, आणि किल्ली कुरिअरने येणार असते. चौकशी करणारे पुष्कळ आहेत, तुमच्यासाठी घर राखून ठेवायचे तर टोकन भरा, असा निरोप येतो. टोकन भरले की अनामत, अनामत भरली की करारनाम्याचा खर्च, मग घर पाहण्याच्या परवान्याचे शुल्क, ‘हे नंतर परत मिळेल’ असे म्हणत एकेक मागणी पुढे सरकते. दुसऱ्या प्रकारात पैसे मागितलेच जात नाहीत, उलट ‘तुमचे खाते तपासण्यासाठी मी थोडे पैसे पाठवतो’ म्हणून क्यूआर कोड येतो, आणि तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. तिसऱ्या प्रकारात नावाजलेल्या संकेतस्थळासारखे हुबेहूब दिसणारे पान उघडते आणि ‘तुमची रक्कम आमच्याकडे सुरक्षित राहील’ असे आश्वासन देऊन ती भलत्याच खात्यात घेतली जाते.

या सगळ्यांपेक्षा अवघड प्रकार वेगळाच आहे, आणि त्याविषयी आपल्या सूचनांमध्ये मला एक अक्षरही आढळले नाही. लबाड माणूस एखादा फ्लॅट थोड्या दिवसांसाठी रीतसर भाड्याने घेतो. किल्ली खरी, कुलूप खरे, घर खरे. त्या दिवसांत तो मालक म्हणून किंवा मालकाचा माणूस म्हणून ते घर अनेकांना आतून दाखवतो, नळ सोडून दाखवतो, कपाटे उघडून दाखवतो, आणि प्रत्येकाकडून अनामत घेतो. राहायला येण्याची तारीख सगळ्यांना एकच दिलेली असते, आणि त्या दिवशी सगळे एकाच दारात भेटतात. ‘घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका’ हा सल्ला ज्यांनी तंतोतंत पाळला, तेच येथे फसतात. घर डोळ्यांनी पाहता येते, मालकी पाहता येत नाही. मालकीची खात्री करायला लागणारी साधने एकट्या भाडेकरूकडे फार थोडी असतात, आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि माझ्या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी हेच आहे.

पहिली तक्रार त्या हिरव्या खुणेची. खनपटीला बसून विचारल्यावर मला सांगण्यात आले की जाहिरातदाराने मोबाइलवर आलेला ओटीपी बरोबर भरला एवढाच तिचा अर्थ आहे. ज्याच्या हातात एखादे सिमकार्ड आहे, त्याच्या हातात ते आहे, याहून अधिक काहीच त्यातून सिद्ध होत नाही. वाचणारा मात्र ती खूण घराच्या छायाचित्राशेजारी पाहतो आणि घराची, मालकाची, निदान पत्त्याची तरी कोणी खातरजमा केली असेल असे धरून चालतो. त्याने असे धरून चालावे अशाच जागी आणि अशाच रंगात ती छापलेली असते. फोन नंबर तपासला असेल तर ‘फोन नंबर तपासला’ असे लिहायला किती जागा लागते?

दुसरी तक्रार छायाचित्रांची, आणि तिच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. एकच चित्र दुसऱ्यांदा आले आहे हे संगणकाला ओळखता येणे ही आता जुनी गोष्ट आहे. चित्रावरून चित्र शोधणारे टिनआय हे संकेतस्थळ २००८ साली सुरू झाले. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे पुन्हा पुन्हा पसरू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने डार्टमथ महाविद्यालयाच्या साहाय्याने फोटोडीएनए हे तंत्र २००९ मध्ये तयार केले. या कुटुंबातली अगदी प्राथमिक रीत तर शाळकरी मुलालाही समजावी अशी आहे. चित्र आडवे आठ आणि उभे आठ चौकोन उरतील इतके लहान करायचे, रंग काढून टाकायचे, आणि प्रत्येक चौकोन सरासरीपेक्षा उजळ आहे की गडद एवढेच नोंदवायचे. चौसष्ट होय-नाहींचा जो ठसा तयार होतो, तो चित्राचा आकार बदलला किंवा त्यावर थोडी चमक चढवली तरी फारसा बदलत नाही. माझ्या घराची छायाचित्रे माझ्या खात्यावरून आपल्याकडे आधीच आलेली होती. तीच दुसऱ्या खात्यावरून, दुसऱ्या नावाने आली, त्या क्षणी निदान एक प्रश्न तरी विचारला जायला हवा होता.

तो विचारला गेला नाही. मी तक्रार केल्यावर ती जाहिरात काही काळाने दिसेनाशी झाली आणि मग नव्या नावाने परत आली. या खेपेला चित्रे आरशात पाहावीत तशी डावी-उजवी उलटवलेली होती, म्हणजे साध्या शोधात ती सापडू नयेत. माझ्या स्वयंपाकघरातले सिंक खिडकीच्या डावीकडून उजवीकडे गेले होते, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळातले आकडे उलटे होऊन तीन वाजण्याच्या जागी नऊ आला होता. उलटवलेल्या चित्राचाही ठसा काढून ठेवला की ही युक्ती निकामी होते. पण त्या घड्याळासाठी संगणकाचीही गरज नव्हती. जाहिरात मंजूर करणाऱ्या एका माणसाने तिच्याकडे एकदा बघितले असते तरी पुरले असते. त्यावरून मी असे समजते की कोणी बघितलेच नाही.

तिसरी तक्रार आपल्या क्रमवारीबद्दल आहे. भाडे कमी ते जास्त असा क्रम लावला की खोटी जाहिरात आपोआप वर येते, कारण तिचे भाडे मुद्दामच कमी ठेवलेले असते. त्याच भागातल्या, तेवढ्याच आकाराच्या घरांची भाडी आपल्याजवळ असतात, आपण त्यांचे सरासरी आलेखही मोठ्या हौसेने दाखवता. मग त्या सरासरीच्या खूप खाली असलेली जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वी बाजूला काढून तपासणे अशक्य आहे, हे मला पटत नाही.

चौथी तक्रार खुद्द तक्रारीच्या सोयीची. मी ‘या जाहिरातीविषयी कळवा’ हे बटण दाबले तेव्हा पुढे पर्याय आले : घर आधीच भाड्याने गेले आहे, भाडे चुकीचे लिहिले आहे, फोन उचलत नाहीत, जाहिरातदार मालक नसून दलाल आहे. ‘हे घर माझे आहे आणि ही जाहिरात खोटी आहे’ असा पर्याय नव्हता. शेवटी ‘इतर’ निवडून मी चार ओळी लिहिल्या, खरेदीखताचे पहिले पान जोडण्याचा प्रयत्न केला, तर जोडपत्राची सोयच नव्हती. जाता जाता एक नोंदवते : मालकाच्या नावाखाली जाहिरात देणारा दलाल आपल्याला फार लवकर सापडतो, कारण त्याने भरायचे शुल्क बुडते. यंत्रणा नाही असे नाही. ती कोणाच्या नुकसानीवर जागी होते, एवढाच प्रश्न आहे.

पाचवी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. जाहिरात खोटी आहे हे मान्य करून आपण ती काढता, तेव्हा ती गुपचूप काढता. त्या जाहिरातीवरून कोणी कोणी संपर्क साधला, कोणी फोन नंबर पाहिला, कोणी निरोप पाठवला, याची संपूर्ण यादी आपल्याकडे असते. आपल्यापैकी अनेकांचा व्यवसायच मुळी नंबर दाखवण्याचे पैसे घेण्यावर चालतो, त्यामुळे ही यादी नाही असे म्हणण्याची सोयही नाही. त्या यादीतल्या काही लोकांनी टोकन भरलेले असते आणि अनामत उद्या भरायची असते. एका निरोपाने ती वाचली असती. सदोष मोटार विकली गेली तर उत्पादक ती घेणाऱ्या प्रत्येकाला कळवून परत मागवतो. आपण मात्र दुकानातली मोटार तेवढी झाकून ठेवता आणि रस्त्यावर गेलेल्यांचा विषय काढत नाही. ते जोडपे सामान घेऊन आले त्याच्या आधीच मी पहिली तक्रार केलेली होती.

सहावी आणि शेवटची तक्रार आपल्या ‘सावधगिरी बाळगा’ या उपदेशाबद्दल आहे. सावधगिरी म्हणजे नेमके काय, हे आपण सांगत नाही, आणि जे सांगता ते अटींच्या पानावर अशा ठिकाणी असते की तेथे पोचेपर्यंत माणसाची अनामत भरून झालेली असते. तेव्हा जो मजकूर प्रत्येक जाहिरातीत फोन नंबरच्या वर छापला जायला हवा, तो आपल्या सोयीसाठी मीच लिहून देते.

घर आतून पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये, आणि घर पाहिले तरी दाखवणारा माणूस मालक आहे असे समजू नये. शेजाऱ्यांना किंवा इमारतीच्या कार्यालयात मालकाचे नाव विचारावे आणि आपल्याला सांगितलेल्या नावाशी ते ताडून पाहावे. मालमत्ता कराची पावती, खरेदीखताची नक्कल किंवा जमीन-मालमत्तेच्या सरकारी नोंदीचा उतारा मागावा, आणि जेथे ही नोंद कोणालाही पाहता येते तेथे ती स्वतः काढून पाहावी, कारण समोरच्याने पाठवलेला कागद हा शेवटी समोरच्याने पाठवलेला कागद असतो. मालक दूर असेल आणि व्हिडिओ कॉलवर घर दाखवत असेल, तर त्याला ऐन वेळी काहीतरी करायला सांगावे : मुख्य दार उघडून बाहेरची पाटी दाखवा, त्या कोपऱ्यातला दिवा लावा, खिडकीतून खाली कॅमेरा करा. आधी चित्रित करून ठेवलेला व्हिडिओ असले सांगणे ऐकत नाही. पैसे ज्या खात्यावर जाणार त्या खात्याचे नाव, करारावरचे मालकाचे नाव आणि मालकीच्या कागदावरचे नाव ही तिन्ही एकच असावीत. ‘माझ्या मेहुण्याच्या खात्यावर पाठवा’ म्हटले की तेथेच थांबावे. रोख, भेटकार्ड, आभासी चलन यांतून अनामत कधीही देऊ नये. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहावे की ती अमुक पत्त्याच्या घराच्या भाडेकरारासाठी, अमुक तारखेला दिली आहे, म्हणजे ती दुसऱ्या घराबरोबर फिरवता येणार नाही. आणि घाई, मग ती कितीही गोड शब्दांत केलेली असो, हे उठून जाण्याचे पुरेसे कारण समजावे.

त्यातूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसण्यात वेळ घालवू नये. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यांवर पांगायच्या आत अडवले जाण्याची शक्यता असते, म्हणून सर्वप्रथम बँकेला आणि त्याच दमात सायबर पोलिसांना कळवावे (भारतात त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे). संभाषण पुसू नये, जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्यावेत, आणि जाहिरातीचा दुवाही जपून ठेवावा, कारण जाहिरात काढली गेल्यावर ती होती हे दाखवायला तेवढेच उरते.

इतके सगळे एका घर शोधणाऱ्या माणसाने, बहुधा नव्या गावात, नव्या नोकरीच्या किंवा कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात, डोक्यावर छप्पर नसण्याच्या धास्तीत करायचे. आणि आपण, ज्यांच्याकडे नंबर, चित्रे, तक्रारी आणि संपर्कांची नोंद आहे, त्यांनी ‘आम्ही केवळ माध्यम आहोत’ म्हणून कानांवर हात ठेवायचे.

माध्यम असल्याने जबाबदारी संपते हे म्हणणे जगात आता फारसे टिकत नाही. वेस्टर्न युनियन ही पैसे पाठवण्याची सेवा देणारी कंपनीही माध्यमच होती, पण तिच्या मार्गाने फसवणुकीचे पैसे जात असताना ते पुरेसे न रोखल्याच्या प्रकरणात जानेवारी २०१७ मध्ये तिला अमेरिकी सरकारशी तडजोड करून ५८.६ कोटी डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे की देशांतर्गत खात्यावरून खात्यावर पैसे पाठवायला लावून कोणाला फसवले, तर ८५,००० पौंडांच्या मर्यादेपर्यंतची भरपाई बँकांनी करायची, आणि तिचा निम्मा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेने, निम्मा ते स्वीकारणाऱ्या बँकेने उचलायचा. ज्या संकेतस्थळावर खोटी जाहिरात झळकली, त्याच्यावर मात्र या नियमाने काहीच भार टाकलेला नाही, आणि हे बरोबर नाही असे तेथील बँका उघडपणे म्हणत आल्या आहेत. मी बँकांची वकील नाही, पण या मुद्द्यावर मला त्यांचे म्हणणे पटते. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या तिसाव्या कलमानुसार ऑनलाइन बाजारपेठेने व्यापाऱ्याचे नाव, पत्ता, ओळख आणि खात्याचा तपशील घेऊन, तो खरा आहे का हे पाहण्याचा मनापासून प्रयत्न करायचा आणि मगच त्याला ग्राहकांपुढे उभे राहू द्यायचे. एखाददुसरे घर भाड्याने देणारा माझ्यासारखा खासगी मालक व्यापारी ठरत नाही हे मला कळते. पण ज्याला उभे करायचे त्याला आधी ओळखून घ्या, हे तत्त्व मालकाला लागू करायला कायद्याने बंदी केलेली नाही.

आपल्या बाजूने दोन हरकती येतात. पहिली अशी की एवढ्या तपासण्या केल्या तर प्रामाणिक मालक कंटाळून निघून जातील. मी प्रामाणिक मालक आहे, आणि माझ्या वतीने ही काळजी करू नये अशी विनंती करते. खरेदीखताचे एक पान दाखवणे हा माझ्या दारात रडणाऱ्या अनोळखी माणसांची समजूत घालण्यापेक्षा फार लहान त्रास आहे. दुसरी हरकत अशी की पैशांचा व्यवहार आपल्यामार्फत होतच नाही, तर आपण काय करणार. पण तो आपल्यामार्फत होऊ शकतो. थोड्या दिवसांच्या मुक्कामाची घरे देणाऱ्या एअरबीएनबीची रीतच अशी आहे की पाहुणा घरात शिरल्यानंतर साधारण चोवीस तासांनी मालकाला पैसे सोडले जातात. आणि अनामत त्रयस्थाकडे ठेवण्याची कल्पनाही नवी नाही : इंग्लंड आणि वेल्समध्ये नेहमीच्या खासगी भाडेकरारांची अनामत ६ एप्रिल २००७ पासून मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित करावी लागते, आणि त्यासाठी आज मालकाला तीस दिवसांची मुदत आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. ‘पडताळणी झालेली’ ही मोघम खूण आजच बंद करावी. जे तपासले असेल तेच आणि तेवढेच लिहावे, आणि मालकीची खूण मालकीचा कागद तसेच त्या नावाचे बँक खाते पाहिल्याशिवाय देऊ नये. त्या पत्त्यावर टपालाने संकेतांक पाठवून तो भरून घेण्याची जोडही द्यावी, म्हणजे माझ्यासारखीच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूच्या हाती ते पाकीट पडेल आणि काहीतरी बिनसले आहे हे वेळेत कळेल.

काढून टाकलेल्या जाहिरातीतली चित्रे कोणालाही उतरवून घेता येतील अशी पडून राहू नयेत. प्रत्येक नवे चित्र, सरळ आणि उलटवून, जुन्या सर्व चित्रांशी ताडावे, आणि जुळले तर मूळ जाहिरातदाराला विचारल्याशिवाय जाहिरात प्रसिद्ध करू नये.

‘हे घर माझे आहे’ अशी तक्रार कागदासह आली की चोवीस तासांच्या आत जाहिरात झाकावी, चौकशी नंतर करावी. खरी जाहिरात एक दिवस झाकली गेल्याने होणारे नुकसान भरून निघते. तक्रार कोणा माणसाने पाहिली आणि तिचे काय झाले, हे तक्रारदाराला लेखी कळवावे. जाहिरात खोटी ठरली तर तिच्यावरून संपर्क साधलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी तसा स्पष्ट निरोप जावा, आणि त्या जाहिरातीचा नंबर पाहण्यासाठी आपण शुल्क घेतले असेल तर ते न मागता परत करावे. खोट्या जाहिरातदाराचा फोन नंबर, वापरलेली यंत्रे, आयपी पत्ते आणि संभाषण यांची नोंद पुसू नये, पोलिसांची रीतसर मागणी आल्यावर ती विनाविलंब द्यावी.

ज्यांना शक्य आहे त्यांनी पहिली अनामत आपल्याकडे किंवा बँकेकडे थांबवून ठेवण्याची आणि किल्ली हाती आल्याचे भाडेकरूने कळवल्यावरच ती सोडण्याची सोय सुरू करावी. ज्यांना ती आज शक्य नाही, त्यांनी वर दिलेला सावधगिरीचा मजकूर नंबर दिसण्याच्या आधी दाखवावा. शब्द माझेच असावेत असा आग्रह नाही.

याशिवाय दर सहा महिन्यांनी किती जाहिराती खोट्या असल्याच्या तक्रारी आल्या, किती काढल्या, काढायला सरासरी किती वेळ लागला आणि किती जणांना सावध केले, हे आकडे आपण जाहीर करावेत. आज हे आकडे आपल्याशिवाय कोणाकडेच नाहीत, आणि त्यामुळेच ‘असे प्रकार तुरळक आहेत’ हे आपले विधान कोणाला खोडताही येत नाही आणि मानताही येत नाही.

यांपैकी कोणत्या मागण्या आपण मान्य करता, कोणत्या करत नाही आणि का, याचे उत्तर आपण एका महिन्यात आपल्या संकेतस्थळावरच, सर्वांना वाचता येईल असे द्यावे. मला खासगी ईमेल नको. या पत्राच्या प्रती मी ग्राहक संरक्षणाचे काम पाहणाऱ्या यंत्रणेकडे आणि सायबर पोलिसांकडे पाठवत आहे, आणि माझ्या घराची उलट्या घड्याळाची जाहिरात तिच्या दुव्यासह सोबत जोडली आहे. पत्र लिहून होईपर्यंत ती आपल्याकडे सुरूच आहे.

आपली,
एक घरमालकीण